भरलेली जॅकेटं

समुद्रात पडलेल्या माणसाला वाचवायला जगात रोज काहीतरी नवीन निघतं, आणि ते काढणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी काढावं. कुठल्या तरी किनाऱ्यावर कुणाचा तरी नवरा त्यामुळे घरी परतला असेल. माझा राग आहे तो ती वस्तू समुद्रावरून उचलून सातपुड्यात आणणाऱ्यांवर, तिला हार घालणाऱ्यांवर आणि तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेणाऱ्यांवर. हा राग मी कमी करून लिहिणार नाही. ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

मी नर्स आहे. माहेर तापीकाठचं, सासर लोणखेड्याचं; दोन्हीकडे पपई, ऊस आणि पगाराची नोकरी. पोहायला मला येत नाही. आमच्याकडच्या बायका तापीवर जातात त्या पर्वणीला, गुडघाभर पाण्यात उभं राहून तीन बुडक्या मारतात, तेवढीच आमची पाण्याशी ओळख. अशा बाईला एका संस्थेनं नोकरी दिली ती नर्मदेच्या काठावरच्या पाड्यांची. धरणाचं पाणी खोऱ्यात चढलं तेव्हा गावं खाली गेली आणि डोंगरांची टोकं वर राहिली. त्या टोकांवर माणसं राहतात. धडगावहून जीपनं घाट उतरायचा, धक्क्यावर बोटीत बसायचं आणि लसींची निळी पेटी मांडीवर घेऊन पाड्यापाड्याला जायचं, हे माझं काम होतं.

पहिली काही वर्षं आमच्या बोटीत नारिंगी रंगाची जाड जॅकेटं होती. आत फोमचे ठोकळे, त्यांना डिझेलचा वास, उंदरांनी कुरतडलेल्या कडा. उन्हाळ्यात ती घातली की अंगाचं पाणी व्हायचं. आम्ही ती बऱ्याचदा खाली टाकून त्यांच्यावर बसायचो. कुरूप होती, पण पाण्यात टाकली तर तरंगायची, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

मग किनाऱ्याकडच्या एका देणगीदारानं संस्थेला समुद्रावरचं सामान दिलं. संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. शहाद्याकडचे मोठे बागायतदार, मनानं वाईट नाहीत, हे मी आजही म्हणते. आप्पांना त्या सामानाचं इतकं कौतुक वाटलं की धक्क्यावर मंडप घालून लोकार्पण करायचं ठरलं. सामानात दोन गोष्टी होत्या. एक रिंग, घोड्याच्या नालेसारखी, मागे दोन छोटे पंखे. काठावर उभं राहून रिमोट दाबला की ती पाण्यात स्वतः पळत बुडणाऱ्यापर्यंत जाते. आणि दुसरी, नवीन जॅकेटं. ती जॅकेटं वाटतच नव्हती. गळ्यात उपरणं घ्यावं तशी दोन पट्ट्यांची, चपटी, लाल, हलकी. आत गॅसचं छोटं नळकांडं आणि एक गोळी. माणूस पाण्यात पडला की गोळी विरघळते, नळकांडं फुटतं आणि जॅकेट आपोआप फुगतं. नाहीच फुगलं तर पिवळी दोरी ओढायची. कंपनीच्या माणसानं मला फोनवर एवढं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, 'मॅडम, ही कोरड्या जागी ठेवा. पाणी लागू देऊ नका.'

मी ते आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. मंडपात खुर्च्या मांडणं चाललं होतं. आप्पा एवढ्या मोठ्यानं हसले की खुर्च्या मांडणारी माणसं थांबली.

'बुडाले नको म्हणीसन आणेल वस्तू, नि तिले पाणी लागू देवानं नही? आसं कसं व्हई, बाई?'

आता यात हसण्यासारखं होतंच, हे मलाही मान्य आहे. मीही हसले.

आमच्या पट्ट्यात नवीन वस्तू दारात आली की तिच्यावर पाणी पडल्याशिवाय ती आपली होत नाही. ट्रॅक्टर आला, चाकांवर पाणी. विहिरीवर मोटार बसली, मोटारीवर पाणी. सुनेच्या पायावर पाणी घालतात, मग ती घरात येते. हळद-कुंकू, नारळ, आणि तांब्यानं पाणी. शिंपडायचं नाही, घालायचं. इथे तर समोर साक्षात नर्मदा. जिच्या पाण्यात ही जॅकेटं जाणार तिचं पाणी त्यांना आधी दाखवायला नको? सगळी जॅकेटं एका टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडली होती. आप्पांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडून त्याचं पाणी वाहिलं, आणि मग जीपच्या ड्रायव्हरनं धक्क्यावरून भरून आणलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून 'नर्मदे हर' म्हणत या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतला.

क्षणभर काही झालं नाही. आप्पांनी हात जोडले, मागच्यांनीही जोडले. मग पहिलं जॅकेट फट्कन उघडलं. आप्पा दचकून मागे सरकले, त्यांची टोपी पडली. मग दुसरं, तिसरं, दिवाळीत माळ लागते तशी सगळी. पांढरं कापड, हळद, नारळाच्या वाट्या असं सगळं त्या फुगणाऱ्या जॅकेटांनी टेबलावरून खाली ढकललं.

'समदा फुगी गयात रे!' ड्रायव्हर ओरडला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोंगरावरून पाड्यापाड्यांतली माणसं आली होती. त्यांना वाटलं, हेच दाखवायला आपल्याला बोलावलं होतं. आप्पांनी टोपी उचलली, झटकली, घातली, टाळ्या ऐकल्या आणि त्यांनाही तसंच वाटायला लागलं. माइक हातात घेऊन ते शुद्ध मराठीत म्हणाले, 'बघितलंत? पाणी लागताक्षणी! हे आहे आधुनिक तंत्रज्ञान.' मग सगळ्यांनी एकेक फुगलेलं जॅकेट गळ्यात घालून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली ती 'प्रात्यक्षिक यशस्वी' अशी. मी ती बातमी वाचून पुन्हा हसले होते, आणि आता त्या हसण्याची मला शिसारी येते.

त्या गर्दीत एक नवरा-बायको उभे होते. मला नवीन मदतनीस हवी होती. आधीची पाण्याच्या भीतीनं सोडून गेली होती आणि जागा रिकामी पडून होती. ही बाई यायला तयार होती; नवरा पाठवायला तयार नव्हता. ती मूळची काठी गावाकडची, उंच डोंगरावरची. तिकडे पाणी म्हणजे झरा. लग्न होऊन काठावरच्या पाड्यात आली तोवर सासरचं जुनं गाव पाण्याखाली गेलेलं होतं. काही वर्षांपूर्वी तिचा दीर मासे धरायला गेला आणि त्या पाण्यात राहिला. तेव्हापासून तिच्या नवऱ्यानं घरातल्या कुठल्याही बाईला बोटीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. तो माणूस कार्यक्रमभर टेबलाजवळ उभा होता. जॅकेटं फुगली तेव्हा इतर सगळे हसत होते, हा हसला नाही. पुढे आला, एक जॅकेट दोन्ही हातांनी दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, 'बाई, हे हिला मिळेल ना? मग येऊ दे.'

अशी मावशी माझ्याकडे आली. वयानं माझ्याएवढीच असेल, पण आमच्या धंद्यात मदतीच्या बाईला मावशीच म्हणतात, मग ती विशीतली का असेना. ती मला बाई म्हणायची. घरी तिची पावरी, माझी अहिराणी, आणि दोघींच्या मध्ये शाळेतल्यासारखी मराठी. त्यामुळे आम्ही एकमेकींशी मोजकंच आणि सरळ बोलायचो. माझ्या आयुष्यात इतकं सरळ मी नवऱ्याशीही बोललेले नाही.

फुगलेली जॅकेटं त्याच संध्याकाळी जीपच्या टपावर बांधून शहाद्याच्या ऑफिसात गेली. जुनी फोमची जॅकेटंही गेली, कारण नवीन आलं की जुनं बाद करायचं असतं. रिंग बोटीत टांगली. तिचा रिमोट मात्र आप्पांच्या कपाटात गेला, महागाची वस्तू म्हणून. बोट डोंगरात आणि रिमोट शहाद्यात. बुडणाऱ्यानं शहाद्याला फोन करावा अशी व्यवस्था असावी.

कंपनीच्या माणसाला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, 'सगळी फुगली? सगळी?' एकदा फुगलं की त्यातलं नळकांडं रिकामं. नवीन नळकांडी आणि नवीन गोळ्या बसवल्याशिवाय ती जॅकेटं म्हणजे नुसतं कापड. हे मी ऑफिसला कळवलं. उत्तर आलं, मागवतो. मी सांगितलं, ती भरून येईपर्यंत मी बोटीत बसणार नाही आणि मावशीलाही बसू देणार नाही.

हे मी मनापासून सांगितलं होतं आणि पाळलंही. तो उन्हाळा आम्ही दोघींनी पायी काढला. काठाकाठानं, डोंगर चढून, डोंगर उतरून, पेटी कधी तिच्या डोक्यावर, कधी माझ्या. ती पुढे, मी मागे धापा टाकत. ती मागे वळून म्हणायची, 'बाई, तुमची तापी सपाट आहे म्हणून तुम्ही अशा.' जे पाडे चालत गाठता येत होते ते गाठले. जे चारही बाजूंनी पाण्यात होते ते राहिले. तिथल्या बाळांचे डोस राहिले, तिथल्या पोटुशा बायका तपासायच्या राहिल्या. ऑफिसातून फोन यायचे: बाई, टार्गेट. बाई, वरून विचारणा आहे. आईला मी हे सगळं सांगायचे. ती म्हणायची, 'समींदरनी वस्तू डोंगरमा कसाले लई उनात? जुनी काय वाईट व्हती?' आईला शाळा नाही, पण एवढा प्रश्न तिला पडला. ऑफिसात कुणाला पडला नाही.

मी ऑफिसातल्या कारकुनाच्या मागे लागले होते. तो आमच्याच बाजूचा, मला लांबून भाऊ लागतो. सुरुवातीला मी त्याला नळकांडी आली का, गोळ्या आल्या का, कोण बसवणार आहे, असं सगळं खोलात विचारायचे. तो म्हणायचा, आप्पांच्या कानावर घातलंय. पुढे पुढे रोज तेच तेच विचारून शब्द झिजले. फोन लावला की 'भरली का' एवढंच मी आमच्या अहिराणीत विचारायचे, 'काय भाऊ, भरात का जॅकेटं?' आणि तो म्हणायचा, 'नही ना बाई, आजून.'

पावसाळा आला, पाणी वर चढलं, पायवाटा बंद झाल्या. आणि एक दिवस तो म्हणाला, 'कव्हळज भरी टाकात, बाई. सकाय जीपवर येतीन.'

खरंच दुसऱ्या दिवशी आली. स्वच्छ, घडी घातलेली, प्रत्येक जॅकेट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्या पिशव्या एका मोठ्या गोणीत. सोबत निरोप होता, घडी उघडू नका, उघडली की बिघडते. कंपनीच्या माणसानंही कोरडी ठेवा, पाणी लागू देऊ नका असं बजावलं होतं, त्यामुळे मला तो निरोप शहाणपणाचा वाटला. मावशीनं आपलं जॅकेट गळ्यात घातलं, पट्टा आवळला, आणि विचारलं, 'बाई, भरलं का?'

'भरलं म्हणतात,' मी म्हणाले.

तिचा नवरा धक्क्यावर आला होता. त्यानं यावेळी दाबून बघितलं नाही. दाबण्यासारखं त्यात काही नव्हतंच, चपटंच असायचं ते. तो म्हणाला, 'मी बघितलंय. पाणी लागलं की होतं.' आणि बायकोला बोटीत चढायला हात दिला.

ऑफिसचा नियम असा की बोट सुटण्याआधी सगळ्यांचा जॅकेट घातलेला फोटो पाठवायचा, ठिकाण-वेळेसकट. फोटो नाही तर फेरी नाही. फोटो मात्र कधी चुकला नाही. मावशीला त्यात उभं राहायला आवडायचं. लाल रंग तिला शोभायचा. माझ्या मोबाइलमध्ये ते फोटो अजून आहेत आणि मी ते पुसलेले नाहीत.

बोटीची भीती तिची हळूहळू गेली. पाण्यात हात घालून बसायला लागली. एकदा म्हणाली, इथं खाली आमच्या सासरचं घर आहे, त्याच्यावरून आपण चाललो. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, 'घरावरून कुणी चालतं का, बाई?' आणि हात बाहेर काढून लुगड्याला पुसला.

पोळा होऊन गेल्यानंतरची गोष्ट. पाणी अगदी वर आलेलं. एका पाड्यावरून परत येत होतो. दुपारी त्या खोऱ्यात वारा सुटतो आणि लाटा उठतात, ते नेहमीचं होतं. नेहमीचं नव्हतं ते एवढंच की पाणी चढल्यानं जुन्या झाडांची टोकं, जी उन्हाळ्यात दिसतात, ती पाण्याच्या जेमतेम खाली गेली होती. बोटीचा तळ एका बुडालेल्या सागावर चढला. नावाड्यानं इंजिन बंद केलं, ओरडला, एका बाजूला या. आम्ही नको त्या बाजूला गेलो, किंवा बोटच त्या बाजूला गेली, मला सांगता येणार नाही. मी पाण्यात होते आणि माझ्या दोन्ही हातांत लसींची पेटी होती. ती मी सोडली नाही, लसी वाया जातील म्हणून नव्हे, हातच उघडत नव्हते. पेटी तरंगली. तिच्याबरोबर मीही.

माझं जॅकेट फुगलं नाही. ओलं होऊन गळ्याला चिकटलं.

मावशी माझ्यापासून लांब नव्हती. तिचं डोकं वर होतं. हातपाय मारत नव्हती ती. ती पिवळी दोरी ओढत होती. आम्हाला जसं दाखवलं होतं तसं, खाली, जोरात. ओढली, पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. झाडाची फांदी धरायला, बोटीची कड धरायला जे हात मोकळे हवे होते, ते दोरीवर होते. तिचा त्या दोरीवर विश्वास होता. नावाडी तिच्याकडे झेपावला तेव्हा ती तिथे नव्हती.

रिंग? रिंग त्या दिवशी लोणखेड्याला होती. कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं आणि आप्पांनी ती मोठ्या हौसेनं पाठवली होती, रिमोटसकट. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, टेबलावर, हार घालून. माझ्या जावेनं ती बघितली आणि संध्याकाळी मला कौतुकानं सांगायला फोनही केला. मी तो फोन धडगावच्या दवाखान्यातून उचलला.

मावशी दुसऱ्या दिवशी सापडली. जॅकेट अंगावर होतं, पट्टा आवळलेला होता. तिचा नवरा ते काढू देईना. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, 'मी डोळ्यानं बघितलं होतं. फुगलं होतं.' कुणीतरी त्याला समजावलं की ते फुगलेलं वेगळं. तो म्हणाला, 'हेच होतं.' आणि तो बरोबर होता. तेच होतं.

आप्पा आले. खरोखर रडले. मग शोकसभेत उभे राहून म्हणाले की संस्थेनं आधुनिकातलं आधुनिक साधन दिलं होतं, पण वापरताना काही राहून गेलं असावं. मी मधेच उठून विचारलं, काय राहून गेलं? सभेत असं विचारत नाहीत. मला खाली बसवण्यात आलं.

मी शहाद्याला गेले आणि कारकुनासमोर उभी राहिले. माझ्या हातात माझं जॅकेट होतं. मी ते त्याच्या टेबलावर उलगडलं. नळकांडं जुनंच, तोंडाशी भोक पडलेलं. गोळीची जागा रिकामी. लोकार्पणाचं कुंकू शिवणीत तसंच होतं.

'भरी टाकात आसं सांगं ना तू माले?'

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो खोटं बोलणारा माणूस नाही, हेच वाईट आहे. म्हणाला, 'बाई, तुम्हीन इचारं, भरात का. मी सांगं, भरात. पिशव्यामा भरात, गोणीमा भरात. पडेल व्हतात ना इतला दिन कोपरामा. मी एकेक पुशीसन, घडी करीसन भरात.'

त्यानं खरंच भरली होती. पिशवीत. नळकांड्याचं त्याला मी सुरुवातीला सांगितलं होतं, पण ते आप्पांचं काम होतं, आणि आप्पांना वाटत होतं ते कारकुनाचं काम आहे. त्याच्यासाठी रोजचा फोन म्हणजे, जॅकेटं बांधून तयार झाली का. पुसून, घडी घालून, एकेक पिशवीत. त्या माणसानं किती निगुतीनं ते केलं असेल हे मला दिसत होतं, आणि मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटत होती. मारली नाही. आपल्या भाषेत डबाही भरतात, पाणीही भरतात, दिवसही भरतात. शब्दाला कोण फासावर देणार? माझाच शब्द चुकला असं म्हणणारेही निघाले. म्हणू देत. मी अख्खा उन्हाळा बोटीत बसले नव्हते, हे त्यांतल्या एकालाही आठवत नाही.

त्यानंतर संस्थेला प्रशिक्षण सुचलं. धडगावला एका हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना आपापलं जॅकेट घेऊन बसवलं. शिकवायला कोकणकिनाऱ्यावरचा एक तरुण आला होता, समुद्रात माणसं वाचवण्याचंच त्याचं काम. सभ्य मुलगा. त्यानं पडद्यावर चित्रफिती दाखवल्या. ड्रोन उडत जातो आणि बुडणाऱ्याच्या पुढ्यात फुगणारी नळी टाकतो. मनगटावर पट्टा असतो, कळ दाबली की त्यातून फुगा निघतो. बोटीतून माणूस पडला की बोट स्वतः थांबते. सगळे आ वासून बघत होते. मी बघत नव्हते. माझ्या शेजारी मावशीच्या जागी आलेली नवीन बाई बसली होती. ती मावशीची जाऊ, म्हणजे त्या पाण्यात राहिलेल्या दिराची बायको. घरातून कुणीतरी कमावतं बाहेर पडायला हवंच होतं, आणि आता त्या घरात अडवणारा काही बोलतच नव्हता. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा काही सांगत नव्हता.

मग त्या मुलानं आमच्यासारखंच एक लाल जॅकेट हातात घेतलं. खांद्याजवळची शिवण चर्रकन उघडली. आतून बोटाएवढी एक नळी बाहेर काढली.

'आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा गॅस संपलाय, नळकांडं नाही, काहीच चाललं नाही. तरी घाबरायचं नाही. ही नळी तोंडात धरायची आणि फुंकायचं. शंका असेल तर बोटीत बसण्याआधीच फुंकून घ्यायचं. हे तुम्हाला माहीतच असेल.'

त्यानं फुंकलं. जॅकेट फुगलं. गालही फारसे फुगवावे लागले नाहीत त्याला. हवा काढायची तर हीच नळी दाबायची, असंही त्यानं दाखवलं. म्हणजे ऑफिसात कुणीतरी प्रत्येक जॅकेटची ही नळी हातात धरली होती, दाबली होती आणि पुन्हा शिवणीत खोचून ठेवली होती.

मी माझ्या मांडीवरच्या जॅकेटची शिवण उघडली. नळी होती. मी ती ओठांत धरली आणि फुंकायला लागले. मला थांबता येईना. जॅकेट माझ्या हनुवटीपर्यंत आलं, कडक झालं, तरी मी फुंकत होते. शेवटी शेजारच्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला.

'तोंडानं होतं, बाई?' तिनं विचारलं.

'हो.'

तिनं ती नळी दोन बोटांत धरून बघितली. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

'तोंड तर तिला होतं.'